दोनदा आत घेतलेला शर्ट

आमची आक्का घरातल्या कुणाच्याही अंगाला टेप लावत नाही. माप हवं असेल तर ती कपडा मागते. तोही कपाटात जपून ठेवलेला चालत नाही. रोजच्या वापरातला, पाच-पंचवीस वेळा धुतलेला लागतो. "टेप दिसली की माणूस पोट आत घेतो आणि छाती पुढं काढतो," असं तिचं म्हणणं. "कपड्याला तेवढी अक्कल नसते."

वर्षाअखेर शाळा-कचेऱ्या आठ-दहा दिवस बंद असतात, तेव्हा आम्ही सगळे माझ्या घरी जमतो. त्या वेळी आक्का प्रत्येकाला स्वतःच्या हातानं शिवलेलं काहीतरी देते. कुणाला शर्ट, कुणाला झगा, कुणाला नुसताच स्वयंपाकघरातला अ‍ॅप्रन. त्यासाठी महिनाभर आधी मापाचे कपडे तिच्याकडे पोचले पाहिजेत, हा नियम. कोणाचा आला, कोणाचा राहिला याची यादी मी ठेवतो, कारण घरात यादी ठेवणारा मी एकटाच आहे.

आक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ती अठराची, मी आठ वर्षांचा आणि छोट्या चारचा. छोट्या म्हणजे आमचा धाकटा भाऊ. पुढं त्रेपन्न वर्षांचा झाला तरी छोट्याच राहिला. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत नेऊन बसवण्यापर्यंत सगळं आक्कानं केलं. तिचं स्वतःचं लग्न उशिरा झालं, मूल झालं नाही. त्याबद्दल कुणी हळहळलं की ती म्हणायची, "एक वाढवलंय की. तेच अजून नीट जेवत नाही."

तिची नोकरी एका मोठ्या रुग्णालयाच्या शिवणखोलीत होती. तळघरात, धुलाईखोलीच्या शेजारी. सहा मशिनं, एक लांब कापणीचं टेबल, वर दोन ट्यूबलाइट आणि भिंतीपलीकडून दिवसभर येणारी वाफेची घरघर. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनच्या खोलीतले हिरवे कपडे आणि रोग्यांचे गाऊन. हे गाऊन म्हणजे पुढून बंद, मागून उघडे, पाठीवर बांधायला दोन जोड बंद. सगळे एका मापाचे. सहा फुटी माणसाला तोच आणि वाळून काडी झालेल्या म्हातारीलाही तोच. एकतीस वर्षं तिनं ते शिवले. सुट्टीतल्या शिवणाची सुरुवात तिथूनच झाली. "तिथं वर्षभर बिनमापाचं शिवते," ती म्हणायची, "घरात तरी मापाचं शिवू दे."

बारा वर्षांपूर्वी आमचे भावोजी, म्हणजे आक्काचे यजमान, त्याच रुग्णालयात गेले. पोटाचा विकार होता. चार महिने ती दिवसा तळघरात शिवत असे आणि सुट्टी झाली की दोन मजले चढून वॉर्डात जाऊन बसत असे. पुढं तीन वर्षांनी ती निवृत्त झाली आणि माझ्याकडे राहायला आली. मागची खोली तिची. खिडकीशी मशीन, बाजूला खाट.

गेल्या वर्षी सुट्ट्या दोन महिन्यांवर आल्या असताना छोट्याचा मला कचेरीत फोन आला. तो बसनं चार तासांवरच्या गावात राहायचा, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एरवी तो कचेरीत फोन करत नसे.

"दादा, एक गोष्ट सांगतो. तुझ्यापाशीच ठेवायची."

त्यानं सांगितलं. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी कापून पाहिलं आणि पुन्हा शिवून टाकलं.

मी विचारलं, "किती दिवस म्हणतात?"

"उन्हाळा दिसेल असं कुणी म्हणत नाही." मग तो हसला. "पाटी रंगवताना माझं नेहमी असं व्हायचं बघ. पहिली अक्षरं ऐसपैस काढायचो आणि शेवटच्यांना जागा उरायची नाही."

तो म्हणाला, "आक्काला सांगायचं नाही. शब्द दे."

"अरे, पण तिला…"

"भावोजींच्या वेळी तिनं सगळं पाहिलंय. एकदा पुरे झालं. ह्या अवतारात तिनं मला बघायचं नाही. मागाहून काय सांगायचं ते सांग."

मी शब्द दिला. मी दिलेला शब्द पाळतो, अशी माझी घरात ख्याती आहे. ती मला त्या वर्षी महागात पडली.

छोट्या सुट्टीत येणार नाही हे आक्काला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हणालो, त्याला एका नव्या बाजाराच्या सगळ्या पाट्या मिळाल्यात, सुट्ट्यांतच संपवायच्या आहेत.

"बरं," आक्का म्हणाली. "काम मिळालं तर चांगलंच. मापाचा शर्ट तेवढा पाठव म्हणावं."

मी छोट्याच्या बायकोला तसा निरोप दिला. चार दिवसांनी बसच्या पार्सलातून कागदात गुंडाळलेला, सुतळीनं बांधलेला पुडा आला. वर आक्काचं नाव होतं. मी तो जसाच्या तसा नेऊन तिच्या हातात दिला आणि यादीत छोट्याच्या नावापुढं खूण केली.

शनिवारची दुपार होती. आक्कानं सुतळी सोडली, शर्ट झटकला आणि नेहमीप्रमाणे उलटा केला. ती माप नेहमी आतल्या बाजूनं घेते. बगलेपासून खालपर्यंत शिवणीवरून तिचं बोट फिरलं. मध्येच थांबलं. पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं.

"ही शिवण कुणाची?"

"कुठली?"

"बाजूची. हाताची आहे."

"तिनंच घातली असेल. उसवली असेल जुनी."

"हं." तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. शर्टाची घडी करून मशिनीच्या खणात ठेवला. "कॉलर झिजलीय मेल्याची," एवढंच म्हणाली आणि माझ्या मुलीचा झगा पुढं ओढला.

मी सुटकेचा श्वास टाकला.

पुढच्या दिवसांत आक्काचं काम रोजच्यासारखंच चाललं होतं. उजेड चांगला असतो म्हणून सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते साडेचार. फक्त बोलणं कमी झालं होतं. बाजारातून तिनं निळ्या रेघांचं सुती कापड आणलं आणि ते धुतलं. वाळवलं, परत धुतलं. माझी बायको एकदा म्हणाली, "वन्सं, कापड धुताय की पापं? पाचवी वेळ आहे ही."

"खळ जात नाही."

"अहो, कडक कापडाचाच शर्ट छान बसतो, तुम्हीच सांगता."

"ह्याचा मऊच हवा," आक्का म्हणाली आणि बादली उचलून मागं गेली.

रविवारी ती छोट्याला फोन करत असे. आधी त्यात अर्धा तास जायचा. जेवणावरून, दाढी वाढवण्यावरून तो बोलणी खायचा. आता दोन-तीन मिनिटांत संपायचं. "बरा आहेस ना? थंडी आहे का रे तिकडं? बरं, काम कर." पलीकडून तोही तेवढंच बोलत असावा. मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलेला असे. तरी मी तोंडातून ब्र काढला नाही.

सुट्ट्या लागल्या. मुलगी आणि जावई आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कानं आपल्या खोलीतून पुडे आणले आणि सगळ्यांना वाटले. मुलीला झगा, जावयाला बिनबाह्यांचं जाकीट, माझ्या बायकोला मोठ्या खिशांचा अ‍ॅप्रन आणि मला शर्ट. मी तो तिथंच घालून पाहिला. बसला.

"बसणारच," आक्का म्हणाली. "तुझं पोट दर वर्षी एक बोट पुढं सरकतं. बढती मिळाल्यासारखं. आता मी आधीच धरून चालते."

जावई मोठ्यानं हसला. आक्का म्हणाली, "तुम्ही हसू नका. तुमचंही दोन वर्षांपूर्वी सुरू झालंय."

हसणं ओसरल्यावर मुलीनं विचारलं, "आत्या, काकाचं कुठाय?"

"तयार आहे. उद्या सकाळच्या बसनं मी घेऊन जाते."

मी म्हणालो, "तू कशाला? मी नेतो ना. तो दिवसभर बाजारात असतो, शिडीवर. सापडायचा पण नाही."

आक्कानं माझ्याकडे पाहिलं. "किती दिवस ताकाला जाऊन भांडं लपवणार आहेस?" असं हळू म्हणाली आणि उठली. मी तिच्या मागोमाग खोलीत गेलो.

तिनं खणातून छोट्याचा मापाचा शर्ट काढला आणि उलटा करून खाटेवर पसरला.

"चष्मा लाव. ही बघ पहिली टीप. दोरा पिवळट झालाय, दहा-बारा धुणी झाली असतील. दोन बोटं आत घेतलंय. आता ही बघ. तिच्याही आत, आणखी दीड बोट. दोरा पांढरा फटक. एकदाच धुतलाय." तिनं बोट उचललं नाही. "माणूस बारीक झाला की बायको शर्ट एकदा आत घेते. महिन्या-दीड महिन्यात तोच शर्ट दुसऱ्यांदा घेते, तेव्हा…"



मी खाली बसलो. छोट्याला अंगावर लोंबणारे कपडे सहन होत नव्हते, म्हणून बायकोनं ते आत घेतले होते. माझा निरोप गेला तेव्हा तिनं रोजच्या वापरातलाच शर्ट धुऊन पाठवला, कारण आक्काचा तसा नियमच होता. दुसरा एखादा पाठवावा हे त्या बापडीला सुचलं नाही.

"पुडा सोडून तरी बघायचास," आक्का म्हणाली.

"दुसऱ्याच्या नावाचा पुडा मी सोडत नाही."

"माहीतच आहे मला." ती किंचित हसली. "शिस्तीनं घात केला तुझा." मग लगेच म्हणाली, "पोटाचंच ना?"

मी मान हलवली.

"सांगितलं का नाहीस?"

"त्यानं शब्द घेतला होता. म्हणाला, भावोजींच्या वेळी तू सगळं सोसलंस, आता परत…"

"सोसलं काय त्यात? मी होते म्हणून हे एकटे नव्हते." तिचा आवाज चढला होता. "आणि हा तिकडं एकटा पडून राहणार, आणि मी इथं तुमच्या पोटांची मापं घेत बसणार. छान ठरवलंत दोघांनी."

थोड्या वेळानं तिनं उशाखालून नवा शर्ट काढला. निळ्या रेघांचा, कॉलरचा, सहा बटणांचा, खिशाचा. मी म्हणालो, सुंदर झालाय. तिनं तो पालथा केला. पाठ मधोमध उघडी होती आणि तिथं चार मऊ बंद लावलेले होते. समोरची बटणं नुसती वरून टाकलेली, काजं खोटी.

"हात वर करायला नको, उठून बसायला नको," ती म्हणाली. "पडल्या पडल्या पुढून हात घालायचे, कुशीवर वळवायचं आणि मागं बांधायचं. समोरून कुणाला कळायचं नाही." तिनं बंदाची गाठ मारून सोडली. "एकतीस वर्षांत मापानं एकसुद्धा गाऊन शिवला नव्हता मी. ह्यांना तिथलाच घातलेला. खांद्यावरून सारखा घसरायचा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पहिल्या बसनं निघालो. चार तासांत आक्का एकदाच बोलली. "मला बघून रागावला तर तू मध्ये पडायचं नाहीस."

छोट्याचं घर एका सायकलच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. लोखंडी जिना, वर अरुंद व्हरांडा. तिथं रंगांचे डबे एकावर एक रचून ठेवले होते, झाकणं घट्ट लावलेली. दार त्याच्या बायकोनं उघडलं. आक्काला पाहून तिनं तोंडावर हात धरला.

आतल्या खोलीतून आवाज आला, "कोण गं?"

"दादा आलेत."

"एकटाच?"

तिच्यानं उत्तर देववेना. आक्काच म्हणाली, "मीपण आहे रे."

दोन खोल्यांच्या मध्ये दाराऐवजी जाड पडदा होता. मग पडद्यामागून छोट्या म्हणाला, "दादा, शब्द दिला होतास."

मी तोंड उघडलं, पण आक्कानं हात करून मला गप्प केलं.

"आक्का, तू परत जा. तुझ्या पाया पडतो."

"पाया पडायला तरी बाहेर ये."

नेहमी तो अशा बोलण्यावर उलट काहीतरी ठेवून द्यायचा. या वेळी नुसता खोकला आला. तो थांबेपर्यंत आक्का पडद्याकडे पाहत उभी होती. ती आत गेली नाही. दोन पावलांवर पडदा होता, बाजूला सारला असता तर तिला अडवणारं कुणी नव्हतं. पण ती मागं सरली, भिंतीजवळच्या स्टुलावर बसली आणि पुडा छोट्याच्या बायकोकडे दिला.

"एवढा घाल त्याला. आधी दोन्ही हात पुढून घालायचे. उठवू नकोस. मग कुशीवर वळव आणि बंद बांध. गाठ पाठीच्या कण्यावर आणू नकोस, टोचते. जरा बाजूला घे." मग तिनं आवाज उंचावला. "सुट्टीची भेट आहे रे. ती तरी घेशील का नाही?"

आतून होकार आला नाही आणि नकारही नाही. त्याची बायको पुडा घेऊन आत गेली.

खाट करकरली. कुजबूज ऐकू आली, मग कण्हल्यासारखा आवाज. खाली दुकानात कुणीतरी चाकाच्या तारा वाजवून पाहत होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ती बाहेर आली आणि डोळे पुसत चुलीकडे गेली. मी आक्काच्या कानाशी म्हणालो, "चल. तो नाही बोलवायचा."

"थांब. बसला की नाही ते कळलं नाही अजून."

"आक्का," आतून हाक आली.

"ओ."

"बाही लांब झालीय."

आक्काचा चेहरा पडला. एवढ्या वर्षांत तिच्या शिवणात कुणी अशी खोट काढली नव्हती.

"किती?"

"बोटं दिसत नाहीत माझी."

ती माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाली, "खांदे उतरलेत. बाजूची शिवण खांद्यांचं सांगत नाही रे." तिनं स्टुलाच्या कडा धरल्या. मग पडद्याकडे तोंड करून म्हणाली, "बाहेर बसून कशी करू मी ती? दुमडून टाके घालावे लागतील."

खालचा तारांचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

"नुसती बाही करायची," छोट्या म्हणाला. "माझ्याकडे बघायचं नाही."

"बाहीकडेच बघते."

ती उठली, पिशवीतून सुई-दोरा आणि कात्री काढली आणि आत गेली. पडदा तिनं पुरता ओढला नाही, त्यामुळं मला दिसत होतं. छोट्या भिंतीकडे तोंड करून पडला होता. पाठीवर चार बंद, गाठी बाजूला घेतलेल्या. मी त्याला महिन्यापूर्वी चोरून भेटून गेलो होतो, तरी मला त्याची मान ओळखू आली नाही. उजवा हात त्यानं मागं, खाटेच्या कडेवर टाकला होता. आक्का खाली सतरंजीवर बसली. तिनं बाही दोनदा दुमडली, मनगटाचं हाड जिथं वर आलं होतं तिथं कड आणून ठेवली आणि टाके घालायला लागली. कबूल केल्याप्रमाणे तिची नजर बाहीवरच होती.

पाव तासाचं काम. तिला तासावर वेळ लागला. नंतर मी पाहिलं तेव्हा सुई सतरंजीत खोवलेली होती, टाके घालून झाले होते आणि हात तिच्या मांडीवर होता. तो त्यानं ओढून घेतलेला नव्हता.

"सुई टोचली का रे?" ती विचारत होती.

"तू टोचलीस. दोनदा."

"मग ओरडला का नाहीस?"

"बघशील म्हणून."

आमची परतीची बस चारला होती. साडेतीनला मी आक्काला हाक मारली. ती पडद्याशी आली. तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज रोजचाच होता.

"तू हो पुढं. माझी एक बाही राहिलीय."

"मग कर ना, थांबतो मी. दहा मिनिटं."

"आता उजेड गेला," ती म्हणाली. खिडकीतून भरदुपारचं ऊन खाटेवर आलं होतं. "उद्या बघते."

मी एकटाच परत आलो. पुढच्या रविवारी मीच फोन केला. आक्कानं तो छोट्याच्या कानाला लावला. त्याचा आवाज पार खाली गेला होता.

मी विचारलं, "झाली का दुसरी बाही?"

"उद्या करते म्हणते." त्यानं दम घेतला. "तू तिला आठवण नको करूस हां, दादा."

त्यानंतर छोट्या सोळा दिवस होता. मी दोनदा जाऊन आलो. आक्का घरी आली नाही. त्याची डावी बाही तशीच लांब राहिली. सकाळी अंग पुसून झालं की तो ती पुढं करी आणि आक्का दोन घड्या घालून ती वर दुमडून देई. दुपारपर्यंत ती पुन्हा बोटांवर उतरलेली असे.